वसईची आडनावे आणि रक्ताचा दावा

अर्नाळ्यापासून नायगावपर्यंत वसईच्या पश्चिम पट्ट्यात दारोदारच्या पाट्यांवर डिसोजा, परेरा, लोपीस, रॉड्रिग्ज, डिमेलो, तुस्कानो, घोन्सालविस, डाबरे, रुमाव, मच्याडो ही आडनावे दिसतात. पाटीमागचे घर मात्र उत्तर कोकणातले असते: बाजूला केळीची वाडी, मागे बावखल म्हणजे पाण्याचे छोटे तळे, तोंडी कादोडी, वाडवळी किंवा कोळ्यांची बोली, आणि म्हातारीच्या अंगावर लाल लुगडे. या विसंगतीचा उलगडा करताना लोक दोन टोकांना जातात. समाजातले काही जण अभिमानाने सांगतात की आमचे मूळ पोर्तुगालात आहे. समाजाबाहेरचे काही जण तीच गोष्ट दूषण म्हणून सांगतात की ही फिरंग्यांची प्रजा. दोन्ही म्हणण्यांच्या मुळाशी समजूत एकच आहे, आडनाव म्हणजे रक्त. वसईपुरती ही समजूत चुकीची आहे, असे माझे म्हणणे आहे. इथले पोर्तुगीज आडनाव ही एका संस्काराची नोंद आहे. कोणाच्या तरी पूर्वजाच्या डोक्यावर पाणी ओतले गेले तेव्हा शेजारी कोण उभा होता, गावावर हक्क कोणाचा होता, धर्मगुरू कोण होता, एवढेच ते सांगते. हे एकदा मान्य केले की घराण्याचा शोध लिस्बनच्या दिशेने न जाता सांडोर, गिरीज, निर्मळ, नंदाखाल, आगाशी अशा गावांच्या आत वळतो, आणि तिथे त्याला पुष्कळ काही सापडते.

गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. गव्हर्नर नुनो द कुन्या याने किल्ल्याचे काम सुरू केले आणि गार्सिया द सा हा वसईचा पहिला कप्तान झाला. पुढची दोनशे वर्षे वसई हे पोर्तुगिजांच्या उत्तर प्रांताचे मुख्य ठाणे होते. आसपासची गावे खंडाच्या कराराने फिरंगी सरदारांकडे गेली; १५५४ मध्ये सिमाँव बोतेल्यो याने तयार केलेल्या महसुली दप्तरात वसईच्या मुलखाचे उत्पन्न तपशिलाने नोंदलेले आहे. फ्रान्सिस्कन आले, जेझुइट आले, मग डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन आले, आणि धर्मांतरे झाली. त्या काळच्या वसईच्या कुणब्याला, भंडाऱ्याला, कोळ्याला आजच्या अर्थाने आडनाव होते का, हा प्रश्न इथे विचारायला हवा. कुळ होते, जात होती, बापाचे नाव होते, गाव होते, पाटीलकी किंवा वतन असले तर त्याचा उल्लेख होता. पण जन्मापासून मरणापर्यंत चिकटून राहणारे आणि मुलाकडे आपोआप जाणारे एकच आडनाव सामान्य रयतेत रूढ नव्हते. पोर्तुगिजांकडेही ते फारसे पक्के नव्हते, हे आपल्याकडे कमी जणांना ठाऊक असते. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या पोर्तुगालात एकाच आईबापांच्या मुलांना वेगवेगळी आडनावे असत. कोणी बापाचे घेई, कोणी आईचे, कोणी ज्याच्याकडून वारसा मिळाला त्या आजोबांचे. तिथे नागरी नोंदणी सर्वांना सक्तीची झाली ती १९११ मध्ये. म्हणजे वसईत ही आडनावे आली तेव्हा त्यांच्या मायदेशातही ती वंशाची खात्रीलायक खूण नव्हती. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, लोपीस, घोन्सालविस ही तर मुळात बापाच्या नावावरून पडलेली आडनावे. असे हजारो बाप, एकमेकांशी काही नाते नसलेले, त्या देशात होते.

आडनाव चिकटायचे कसे, याचे एक उदाहरण गोव्यातले आहे आणि ते चांगले नोंदलेले आहे. १५४८ मध्ये गोव्यातल्या लोकू नावाच्या वजनदार ब्राह्मणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धर्मपिता होता खुद्द गव्हर्नर, आणि तो गव्हर्नर म्हणजे वसईचा पहिला कप्तान गार्सिया द सा. बाप्तिस्म्यानंतर लोकूचे नाव झाले लुकास द सा. लोकूच्या अंगात द सा घराण्याच्या रक्ताचा थेंबही नव्हता, आणि त्या समारंभाला जमलेल्या एकाही माणसाला तसे वाटलेले नव्हते. धर्मपित्याचे आडनाव घेणे ही पोर्तुगीज मुलखातली सर्वमान्य रीत होती. बड्या माणसाला बडा धर्मपिता मिळे. गावच्या रयतेला गावचा खंडकरी सरदार, किल्ल्यातला एखादा शिपाई, आधी ख्रिस्ती झालेला शेजारी, नाहीतर बाप्तिस्मा देणारे फादर मिळत. सामुदायिक बाप्तिस्मे झाले तिथे एका दिवसात अनेक कुटुंबांना एकच आडनाव मिळणे ओघानेच आले.

हे नाते पोकळ नव्हते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये धर्मपित्याच्या नात्याची मर्यादा ठरवून दिली आणि त्या मर्यादेत त्याला विवाहाच्या आड येणारे नाते म्हणून कायम केले. ज्याने मुलाला बाप्तिस्म्याच्या वेळी हाती घेतले त्याचे त्या मुलाशी आणि मुलाच्या आईबापांशीही आध्यात्मिक नाते लागे, आणि त्यांच्यात लग्न होऊ शकत नसे. मुलाचा बाप आणि धर्मपिता हे एकमेकांचे ‘कोंपाद्रे’. वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजाला ज्या नावाने ओळखतात ते ‘कुपारी’ हे नाव याच शब्दावरून आले, असे मानले जाते. तसे असेल तर एका समाजाचे नावच या पाण्याच्या नात्यावरून पडले आहे. म्हणून ‘आडनाव रक्ताचे नाही’ असे मी म्हणतो तेव्हा ते खोटे किंवा उसने आहे असे मला सुचवायचे नाही. ते एका खऱ्या, कायद्याने बांधलेल्या नात्याचे आहे. ते नाते जन्माचे नव्हते, इतकेच.

फ्रेंच वसाहतींशी तुलना केली तर हे आणखी स्पष्ट होते, कारण तिथे आडनाव देण्याचे काम धर्मगुरूऐवजी सरकारी कचेरीने केले आणि त्यामुळे त्याची तारीखवार नोंद राहिली. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळातच, १७९४ मध्ये, जन्मनोंदीत लिहिलेल्या नावाखेरीज दुसरे नाव लावायला कायद्याने बंदी झाली. वसाहतींतल्या गुलामांना मात्र आडनावच नव्हते. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा मार्टिनिक आणि ग्वादलूप या बेटांवर मुक्त झालेल्या हजारो माणसांना कारकुनांनी रांगेत उभे करून आडनावे दिली. जुन्या मालकांची आडनावे टाळायची, असा दंडक होता. मग कोणाला पुराणकथेतले, कोणाला झाडाचे, कोणाला अक्षरे उलटसुलट करून बनवलेले आडनाव मिळाले. आपल्याकडे पुद्दुचेरीत २१ सप्टेंबर १८८१ च्या आदेशाने ज्यांनी आपला जातिधर्माचा कायदा सोडून फ्रेंच नागरी कायदा पत्करला त्यांना कायमचे कुलनाम निवडावे लागले. जातिधर्माचा कायदा सोडण्याच्या या चळवळीतले पुढारी वकील पोन्नुतंबी पिळ्ळै यांनी ‘लापोर्त’ हे आडनाव घेतले. लापोर्त हे फ्रेंच आडनाव आहे म्हणून पोन्नुतंबींचे पूर्वज फ्रान्सहून आले, असे पुद्दुचेरीत कोणी म्हणत नाही, कारण आडनाव घेतल्याचा कागदच समोर आहे. वसईच्या डिसोजाच्या बाबतीत तसा कागद सहसा हाती नाही, म्हणून कल्पनेला मोकळे रान मिळाले. पण घडले ते त्याच जातीचे होते. सत्तेने आणि धर्माने माणसाला नवी ओळख दिली आणि ती ओळख आडनावाच्या रूपाने टिकली.

हा झाला तुलनेचा आधार. वसईतले स्वतःचे पुरावे याहून बळकट आहेत. पहिला पुरावा जातीचा. वसईच्या ख्रिस्ती समाजात कुपारी, वाडवळ, कोळी, भंडारी असे गट आजही ओळखले जातात, आणि अगदी अलीकडेपर्यंत रोटीबेटीचे व्यवहार आपापल्या गटातच होत. डिसोजा, परेरा, फर्नांडिस ही आडनावे मात्र या सगळ्या गटांत आढळतात. आडनाव रक्ताचे असते तर एका फिरंगी घराण्याची संतती कुपाऱ्यांत, कोळ्यांत आणि भंडाऱ्यांत सारखीच विखुरली, आणि तरीही शेकडो वर्षे त्या गटांनी एकमेकांशी सोयरीक केली नाही, असे मानावे लागेल. हे पटण्याजोगे नाही. पटण्याजोगे हे आहे की हे गट बाप्तिस्म्याआधीपासून वेगळे होते, वेगळेच राहिले, आणि आडनावांचा थर वरून सगळ्यांवर सारखा पडला. दुसरा पुरावा लग्नाचा. हिंदू कुळांत एका गोत्रात किंवा एका देवकात लग्न वर्ज्य. वसईच्या ख्रिस्ती घरांत मात्र मुलामुलीचे आडनाव एक असणे हा लग्नाला अडथळा मानला जात नाही. अडथळा असतो तो जवळच्या नात्याचा. चर्चच्या कायद्याने तो चार पिढ्यांपर्यंत मोजला जाई, १९१७ च्या संहितेने तो तीन पिढ्यांवर आला आणि १९८३ मध्ये आणखी सैल झाला. म्हणजे ज्या समाजाने नातेसंबंध इतक्या कसोशीने मोजले त्यानेही आडनावाला नात्याचा पुरावा मानले नाही. तिसरा पुरावा बोलीचा. कादोडी ही बोली सामवेदी हिंदू आणि कुपारी ख्रिस्ती असे दोन्ही समाज बोलतात. देऊळ वेगळे आणि चर्च वेगळे झाले, पण घरात आई मुलाशी ज्या भाषेत बोलते ती एकच राहिली. बाहेरून आलेल्या वंशाच्या घरात अशी भाषा उगवत नाही.

चौथा पुरावा उलट दिशेचा आहे आणि मला तो सर्वांत बोलका वाटतो. १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये ‘उरप आगरी’ नावाच्या एका गटाची नोंद आहे. हे लोक पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झालेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुन्हा हिंदू धर्मात आलेले. देवदेवता परतल्या, लग्ने हिंदू पद्धतीने होऊ लागली, तरी त्यांच्यात गोमस, सोज, फेर्नान ही आडनावे चालूच होती. गोमेस आडनावाचा हिंदू आगरी पोर्तुगीज वंशाचा, असे कोणी म्हणेल काय? म्हणणार नाही, कारण इथे धर्म आणि आडनाव यांची फारकत झालेली दिसते आणि आपण लगेच सावध होतो. तीच सावधगिरी ख्रिस्ती गोमेसच्या बाबतीत मात्र आपण बाळगत नाही.

१७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. किल्ला खाली करण्याच्या तहावर पोर्तुगिजांच्या बाजूने सही केली कप्तान काएतानो द सोझा परेरा याने. त्याची दोन्ही आडनावे आज वसईत घरोघर आहेत, आणि तो स्वतः शिबंदीसह निघून गेला. तहाने फिरंग्यांना मालमत्तेसह मानाने बाहेर पडू दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला आपला धर्म पाळण्याची मुभा ठेवली. या अटींचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. ज्यांची सत्ता होती, जहागिरी होत्या, गोव्यात किंवा मुंबईत नातलग होते, ते गेले. राहिले ते ज्यांची शेती, मिठागरे, होड्या आणि ताडामाडाची झाडे वसईत होती. म्हणजे ज्या घरांत फिरंगी रक्त असण्याची शक्यता सर्वांत जास्त तीच घरे सर्वांत आधी वसईबाहेर गेली. किल्ल्यातल्या मोठ्या चर्चमध्ये १६०१ सालचा शिलालेख आहे. आर्चबिशप आलेशो द मेनेझिस आणि विकार पेद्रो गाल्व्हाँव परेरा यांच्या कारकिर्दीत चर्चचे पुनर्बांधकाम झाले, असे तो सांगतो. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत सरदार घराण्यांच्या थडग्यांचे दगड आहेत. १८७६ मध्ये जे. गर्सन द कुन्या यांनी चौल आणि वसईवरच्या पुस्तकात अशा अनेक लेखांची नोंद करून ठेवली. त्या दगडांवरच्या घराण्यांचे वारस किल्ल्याबाहेरच्या गावांत शोधणे व्यर्थ आहे. मेनेझिस आणि परेरा ही नावे मात्र वाड्यांत उरली, कारण ती आधीच बाप्तिस्म्यात दिली गेली होती. आणि १७३९ नंतरही वसईची चर्चे दीर्घकाळ गोव्याच्या आर्चबिशपांच्याच अधिकाराखाली राहिली. परदेशी संन्यासी गेले तरी देशी फादर आले, नोंदवह्या त्याच धाटणीने चालू राहिल्या, आणि राज्य मराठ्यांचे असताना, मग इंग्रजांचे असताना, आडनावे जिथल्या तिथे राहिली.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्त आहे. मिश्र विवाह झालेच नाहीत का? झाले. आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा जिंकल्यापासून पोर्तुगीज पुरुषांनी इथल्या बायकांशी लग्ने करून स्थायिक व्हावे, असे धोरणच होते, आणि अशा घरवाल्यांची वस्ती वसईच्या किल्ल्यातही होती. वसईत सोळाव्या शतकाच्या मध्याला जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सिया यांचे वडील पोर्तुगीज आणि आई इथली, असे परंपरा सांगते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला ते हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. तेव्हा एखाद्या वसईकर घराण्यात पोर्तुगीज पूर्वज असेल, ही शक्यता मी नाकारत नाही. माझे म्हणणे इतकेच की त्याचा पुरावा आडनाव हा होऊ शकत नाही. डिमेलो आडनावाच्या घरात तो पूर्वज नसेल आणि पाटील आडनावाच्या घरात असेलही. मिश्र वस्ती जिथे घट्ट रुजली तिथे तिच्या खुणा आडनावापलीकडे गेल्या. रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या खाडीपलीकडे कोर्लई गावात ख्रिस्ती घरांत आजही पोर्तुगीज वळणाची बोली बोलली जाते. ती बोलीही केवळ रक्ताने आली असे नाही. एका किल्ल्याच्या सावलीत राहिलेल्या, शिपायांच्या घरांशी जोडलेल्या वस्तीची ती भाषा आहे. पण निदान तिथे दाव्याला काही आधार आहे. वसईच्या गावांत तो सापडत नाही.

दुसरा आक्षेप गावातून येतो. एकाच आळीत एकाच आडनावाची वीस-पंचवीस घरे असतात, सणासुदीला ती भावकी म्हणून एकत्र येतात, जमिनीचे वाटे एकमेकांना लागून असतात. मग आडनाव रक्ताचे नाही असे कसे म्हणता? इथे दिशा लक्षात घ्यावी लागते. बाप्तिस्मा घेणाऱ्या पहिल्या माणसापासून खालच्या पिढ्यांकडे येताना आडनाव बापाकडून मुलाकडे गेले आहे, त्यामुळे त्या आळीतली घरे सतराव्या किंवा अठराव्या शतकातल्या एका माणसाची संतती असणे अगदी शक्य आहे. तो माणूस मात्र वसईचाच. त्याच्या वर, त्याच्या धर्मपित्याकडे, आडनाव जाते, वंश जात नाही. आणि खाली येतानाही सावध राहावे लागते, कारण एकाच दिवशी बाप्तिस्मा घेतलेली तीन बिननात्याची कुटुंबे एकाच आडनावाने शेजारी शेजारी वाढली असू शकतात. भावकी कोणती आणि सहआडनावी कोण, हे गावातली जाणती माणसे बरोबर सांगतात, आणि त्यासाठी ती आडनावाचा आधार घेत नाहीत.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. ही नावे लादलेली आहेत, तेव्हा ती कुठल्या संस्काराची आणि कुठल्या नात्याची म्हणून गौरवणे म्हणजे जुलमावर पांघरूण घालणे होय, असे काही जण म्हणतात. पोर्तुगीज मुलखात देवळे पाडली गेली, हे खरे आहे. १५५९ च्या राजाज्ञेने बाप मेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याचा मार्ग मोकळा केला, हेही खरे आहे. अशा पोरक्या मुलाला ज्याचे आडनाव मिळाले त्याच्याबद्दल कृतज्ञ राहा, असे मी त्याच्या वंशजाला सांगू शकत नाही. दुसरीकडे करमाफी, नोकरी, गावातला दर्जा यांसाठी आणि मनापासून श्रद्धेनेही लोक ख्रिस्ती झाले. कोणत्या घरात कोणते कारण होते हे आडनाव सांगत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते हे की नाव लादले गेले असले तरी त्याचे पुढे काय करायचे ते वसईच्या लोकांनी ठरवले. त्यांनी त्याचा उच्चार आपल्या जिभेला वळवून घेतला. सेबास्तियाँवचा बस्त्याव केला, इग्नासियोचा इनास केला. पोर्तुगीज रीतीप्रमाणे आईचे आडनाव जोडण्याऐवजी मराठी रीतीने मधे बापाचे नाव घातले. त्याच आडनावांनी मराठी साहित्यात काम केले: उस्मानाबादच्या २०२० च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते, आणि वसई धर्मप्रांताचे पहिले बिशप थॉमस डाबरे यांनी डॉक्टरेट मिळवली ती संत तुकारामांच्या ईश्वरानुभवावर. या माणसांना त्यांच्या आडनावामुळे परके ठरवणे जितके चूक, तितकेच त्या आडनावातून लिस्बनचे घराणे शोधणेही चूक.

हा शोध हल्ली एका व्यावहारिक कारणानेही होतो. पोर्तुगीज पारपत्र मिळू शकेल का, हे अनेक तरुण विचारतात. त्याचे उत्तर कायदा स्वच्छ देतो. पोर्तुगीज नागरिकत्वाचा हक्क पोहोचतो तो १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण, दीव या पोर्तुगीज प्रदेशांत ज्यांचा जन्म झाला त्यांना आणि त्यांच्या वंशजांना. वसई त्या राज्यातून २२२ वर्षे आधी निघाली होती. आडनाव कोणतेही असो, लिस्बनची नोंदणी कचेरी जन्माचा दाखला आणि त्याचे ठिकाण मागते.

मग घराण्याचा माग काढायचा तर कुठून? मंगळूरच्या कॅथलिक घरांना आपले जुने प्रभू, कामत, शेट हे कूळ आठवते; गोव्यातल्या घरांना गावकरीच्या दप्तरांचा आधार मिळतो. वसईत तशी सोय नाही, म्हणून इथे माग काढण्याची वाट वेगळी. पहिला थांबा धर्मग्रामाची नोंदवही. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने ठरवून दिलेल्या नमुन्यात मुलाचे नाव, जन्म आणि बाप्तिस्म्याची तारीख, आईबाप, धर्मपिता-धर्ममाता आणि फादरांची सही असते. बहुतेक लोक ही नोंद उघडतात ती आजोबांचे नाव आणि साल घेण्यापुरती. पण वसईसाठी त्यातली धर्मपित्याची ओळ सर्वांत मोलाची. पिढ्यान्पिढ्या कोणत्या घरांनी कोणाची मुले हातात घेतली याचा तक्ता केला की गावातल्या जुन्या युती दिसू लागतात, आणि कधी कधी त्या आडनावांच्या सीमा ओलांडतात. दुसरा थांबा जमिनीचा कागद, सातबारा आणि जुने फेरफार. तिथे आडनाव एकच असलेल्या खातेदारांना वेगळे करण्यासाठी बापाचे नाव लिहावेच लागते, आणि हिस्सेवाटप कोणाकोणात झाले यावरून खरी भावकी कळते. पुण्याच्या पेशवे दप्तरात आणि पणजीच्या पुराभिलेखागारात वसईचे कागद आहेत, पण सामान्य घराच्या शोधाला ते क्वचितच पोहोचतात.

तिसरा थांबा कागदावर नाही. गावात सगळेच लोपीस किंवा सगळेच परेरा असले की हाक मारताना लोक घराला टोपणनाव देतात. कधी एखाद्या पूर्वजाच्या नावावरून, कधी धंद्यावरून, कधी घर क्रुसाजवळ, बावखलाजवळ किंवा चिंचेखाली असल्यावरून. घराण्याची खरी ओळख या टोपणनावात टिकते, कारण ते घरच्या माणसांना गावाने दिलेले असते आणि धर्मपित्याशी त्याचा संबंध नसतो. काही टोपणनावे कोणत्या पिढीपासून चालत आली ते वयोवृद्धांना सांगता येते. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाली, गावठाणांत इमारती उठल्या, घरे गेली तशी त्यांची नावेही उच्चारातून जाऊ लागली. इमारतीच्या पत्रपेटीवर फक्त लोपीस लिहिलेले असते. ज्यांना आपले मूळ शोधायचे आहे त्यांनी लिस्बनला पत्र पाठवण्याआधी आपल्या आळीतल्या प्रत्येक घराचे टोपणनाव, त्यामागची कथा आणि त्या घराचा सर्व्हे नंबर एका वहीत उतरवावा. पुढे धर्मग्रामाची नोंदवही आणि सातबारा यांच्याशी ती वही ताडून पाहिली की बाप्तिस्म्याच्या अलीकडची तीन-चार शतके सांधता येतात, आणि कधी एखाद्या टोपणनावातून त्यापलीकडचेही काही हाती येते.